कडककाकूंच्या हातावरची गाठ

गल्लीत त्यांना सगळे कडककाकू म्हणत. कुणी तोंडावर, कुणी पाठीमागे. काकूंना दोन्ही ठाऊक होतं. त्यांचा इस्त्रीचा धंदा. त्यांच्या हाताखालून निघालेल्या कॉलरी पुठ्ठ्यासारख्या उभ्या राहत, हे त्या नावाचं एक कारण. दुसरं कारण त्यांची जीभ. कपड्यांचा गठ्ठा संध्याकाळी आणून टाकून "उद्या सकाळी हवेत हं, काकू" असं कुणी म्हणालं, की त्या मान वर न करता म्हणत, "उद्या कशाला? काल घेऊन जा की!" आणि सकाळी कपडे तयार असत.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याच्या बाजूला एक रुंद खिडकी, तिची फळी खाली पाडली की गिऱ्हाईक उभं राही. आत एक भक्कम टेबल. त्यावर जुन्या घोंगड्यांचे थर, वर पांढरी चादर, आणि त्या चादरीवर इस्त्रीच्या आकाराचे दोनचार तपकिरी डाग. कोळशाची इस्त्री इतकी जड होती, की पाहुण्याने उगाच उचलून बघावी आणि लगेच खाली ठेवावी. मागे राहायची खोली. एक पलंग, एक चूल, परसाकडे उघडणारी एक खिडकी.

काकूंच्या नवऱ्याला सगळे मालक म्हणत. तसं दुकानात त्यांचं फारसं काही चालत नसे, पण पाटी त्यांच्या नावाची होती. पूर्वी इस्त्री तेच करायचे. हात सावकाश चालायचा, पण त्यांनी पाडलेली विजारीची धार आठवडाभर मोडत नसे. काकू घड्या घालायच्या आणि घरोघर पोचवायच्या.

एका दुपारी काकू घड्या घालत होत्या आणि मालक खिडकीतून समोरच्या चावीवाल्याशी गप्पा मारत इस्त्री फिरवत होते. काकूंनी नाक वर केलं.

"अहो, काय जळतंय?"

"काही नाही. चादरीचा वास असेल."

काकू उठून जवळ आल्या. मालकांच्या डाव्या हाताची करंगळी इस्त्रीच्या कडेला टेकलेली होती. कातडी पांढरी पडली होती, आणि मालक गप्पा मारत होते. काकूंनी हात ओढून बाजूला घेतला. मालकांनी करंगळीकडे असं पाहिलं, जणू कुणाची तरी वस्तू चुकून आपल्याकडे राहिली आहे.

"दुखत नाही?"

"अजिबात नाही!" मालक हसत म्हणाले. काकू हसल्या नाहीत.

दवाखान्यात निदान झालं: कुष्ठरोग. मालकांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "हिला तर नाही ना झालं?" काकूंची त्वचा तपासली, नसा चाचपल्या. काही नव्हतं. मालकांनी भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले. त्यांचा तो चेहरा काकूंच्या मनातून कधी गेला नाही.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. काही गिऱ्हाइकांनी कपडे आणणं बंद केलं. काकूंनी फळी पाडली, पदर खोचला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायला सुरुवात केली. "औषध सुरू झालं की यांच्यापासून कुणाला लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. आणि माझ्या इस्त्रीत निखारे आहेत. त्यात जगेल असा जंतू मला आणून दाखवा, मी त्याला हार घालते!" हळूहळू गठ्ठे परत येऊ लागले.

कामांची मात्र अदलाबदल झाली. इस्त्री काकूंच्या हातात आली, घड्या आणि पोचवणं मालकांकडे गेलं. रोज संध्याकाळी काकू त्यांचे हातपाय उजेडात धरून बघत. ज्याला जखम कळत नाही त्याच्या जखमा दुसऱ्याने शोधायच्या असतात. "पाय वर. दुसरा. हा खडा कुठून आणलात? मुक्कामाला ठेवलाय का?" मालक निमूटपणे पाय वर करत.

असं वर्ष गेलं. मग दवाखान्यात एक नव्या डॉक्टरीणबाई आल्या. रोग्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी या जंतूशी कशा वागतात, हे त्या तपासत होत्या. दोघांच्याही हातावर, कोपराच्या खाली, त्यांनी बारीक सुईने काहीतरी टोचलं. मेलेल्या जंतूंचा अर्क आहे, त्याने रोग होत नाही, म्हणाल्या. "महिनाभराने येऊन हात दाखवा. तिथे गाठ आली तर अजिबात घाबरू नका." पुढेही त्या बरंच काही सांगत होत्या, पण काकूंचे कान तिथेच मिटले. दात उपटणाऱ्यापासून सुईणीपर्यंत, ज्यानं ज्यानं त्यांना आयुष्यात "घाबरू नका" म्हटलं होतं, त्याच्यानंतर घाबरण्याजोगंच काहीतरी आलं होतं.

आणि गाठ आली. तीन आठवडे झाले असतील. काकू सकाळी हात धूत होत्या, तर टोचल्या जागी लालसर, टणक, वाटाण्याएवढा उंचवटा. त्यांनी मालकांच्या हाताकडे चोरून पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.

मालक तर खूश होते. खिडकीतून हात बाहेर काढून चावीवाल्याला दाखवत होते. "बघ. नुसता गुळगुळीत. पास झालो!"

"मालक, तुमच्या हातावर माशी बसली तर घसरून पडेल," चावीवाला म्हणाला.

काकूंनी पदर ओढून हात झाकून घेतला.

यांचा रोग गेला आणि मला आला, असा त्यांनी सरळ हिशेब केला. त्यांना स्वतःचं फार वाटलं नाही. गोळ्या घ्यायच्या, घेऊ. पण हे मालकांना कळलं असतं तर? 'माझ्यामुळे' हा एक शब्द घेऊन हा माणूस उरलेलं आयुष्य कुढत बसला असता. आत्ता कुठे हसायला लागला होता, हात दाखवत फिरत होता. नाही, सांगायचं नाही. निदान इतक्यात नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकू मालकांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट अंगात घालून इस्त्रीला उभ्या राहू लागल्या. मनगटापर्यंत बटणं बंद. घामाच्या धारा.

"काकू, या उकाड्यात?" चावीवाल्याने विचारलं.

"ठिणग्या उडतात."

"आणि इतकी वर्षं काय फुलं उडत होती?"

"तू तुझ्या किल्ल्या घास," काकू म्हणाल्या.

रोज सकाळी इस्त्री तापली, की त्या उजव्या हाताचं एकेक बोट तिच्या कडेला हळूच टेकवून बघत. चटका बसला की त्यांना हायसं वाटे. कळतंय अजून. आठवडाभरात पाचही बोटांच्या टोकांवर फोड आले. मालकांनी विचारलं तर म्हणाल्या, "काम करणाऱ्याला भाजतं. घड्या घालणाऱ्याला काय कळणार?"

हे सगळं एक वेळ निभलं असतं. पण लेकीचं काय करायचं?

त्यांची एकुलती एक लेक टपाल कचेरीत पत्रं लावायच्या कामावर होती. तिला बाळ होऊन तीन महिने झाले होते आणि रजा संपत आली होती. ती कामावर गेली की बाळ आजीकडे राहायचं, हे बाळ पोटात असल्यापासून ठरलेलं. मालकांनी साबणाच्या खोक्याला घासून, गुळगुळीत करून, मागच्या खोलीत बिछाना तयार ठेवला होता. काकूंनी तर गल्लीभर दवंडी पिटली होती. दुपारची इस्त्री बंद, नातवाच्या झोपेच्या वेळी कुणी खिडकीवर टकटक केली तर त्याचे कपडे उलटे इस्त्री करीन, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं.

आता मात्र लेकीचा निरोप आला, की काकू काहीतरी खुसपट काढत. आधी म्हणाल्या, खोलीत धूर होतो. मग म्हणाल्या, गुडघा धरलाय. शेवटी लेक स्वतःच बाळाला घेऊन आली.

काकू टेबलापलीकडे उभ्या राहिल्या. इस्त्री हातात.

"घे ना आई. बघ कसा टकामका बघतोय तुझ्याकडे."

"जवळ आणू नकोस. इस्त्री गरम आहे."

"मग ठेव ना खाली."

"खाली ठेवली की निखारे विझतात."

लेकीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आई, सोमवारपासून मला कामावर जायचंय. तुला जमणार नसेल तर तसं सांग. कोळशाला कशाला पुढे करतेस?"

"जमणार नाही," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका कोरडा निघाला की त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

लेकीने बाळाचं टोपडं सारखं केलं आणि ती निघून गेली. ती वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत काकू खिडकीतून बघत राहिल्या. हातातली इस्त्री होती तिथेच राहिली, आणि गिऱ्हाइकाचा उशीचा अभ्रा मधोमध जळला. धंद्याच्या इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

हात दाखवायचा दिवस आला. काकू म्हणाल्या, "खानावळीच्या चादरींचा ढीग पडलाय. तुम्ही या जाऊन." मालक शीळ वाजवत एकटेच गेले.

दवाखान्यातल्या सिस्टर त्यांच्या ओळखीच्या. करंगळीचं पहिलं ड्रेसिंग त्यांनीच केलेलं. त्यांनी मालकांचा हात उजेडात धरला, बोटाने चाचपला, मोजपट्टी लावली आणि कागदावर शून्य लिहिलं.

"पास ना?" मालकांनी विचारलं.

सिस्टरांनी त्यांना बाकावर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या. "मालक, ही परीक्षा उलटी असते. हे समजून घ्या. आपल्या रक्तात काही पेशी असतात, त्यांचं काम ओळखण्याचं. नको असलेला जंतू दिसला की त्या आरडाओरडा करतात. मग दुसऱ्या पेशी धावतात, जंतूला गिळतात आणि मारतात. त्याच्याभोवती गर्दी करतात, कडं करतात. त्या गर्दीची गाठ होते. तुमच्याकडे गिळणाऱ्या पेशी आहेत. त्या या जंतूला गिळतातही. पण मारा म्हणून सांगायला कुणी ओरडतच नाही. म्हणून जंतू पोटात जाऊन मजेत राहतो."

"म्हणजे आमच्याकडे येऊन जेवूनखाऊन राहिला."

"तसंच. म्हणून त्याला मारायचं काम गोळ्यांनी करायचं. ते चाललंय, चांगलं चाललंय. फक्त गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत." मग सिस्टरांनी विचारलं, "काकू नाही आल्या? त्यांच्या हातावर गाठ आली असेल तर मला फार आनंद होईल. त्यांच्या पेशी जाग्या आहेत असं समजायचं. नसली तरी बिघडत नाही, आपण त्यांना अधूनमधून तपासत राहू. पाठवा त्यांना."

'नसली तरी बिघडत नाही' एवढं मालकांच्या लक्षात राहिलं असतं तर बरं झालं असतं. ते तडक घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "अगं, हात बघू तुझा. टोचलं होतं तिथे काही आलंय?"

काकूंनी बाहीचं बटण घट्ट धरलं. "काही नाही आलं."

"काहीच नाही? अगदी एवढंसंसुद्धा?"

"सांगितलं ना, काही नाही म्हणून! तुमच्यासारखाच आहे माझा हात. गुळगुळीत."

मालक दाराजवळच्या स्टुलावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. हिच्याही पेशी ओरडत नाहीत. आणि मी औषध सुरू होण्याआधी कित्येक वर्षं हिच्या उशाशी उशी लावून झोपलो. त्या दिवशी ते जेवताना लांब बसले. स्वतःचा पेला वेगळ्या कोपऱ्यात ठेवला. अंथरूण उचललं आणि पुढच्या खोलीत, टेबलाखाली नेऊन पसरलं. "आत उकडतं," म्हणाले.

औषधावरच्या माणसापासून रोग लागत नाही, हे काकूंनी सगळ्या गल्लीला पटवलं होतं. त्या दोघांना पटवायला मात्र कुणी नव्हतं.

काकूंनी तो वेगळा पेला बघितला आणि त्यांना वाटलं, यांना कळलं. कुठून कळलं कोण जाणे, पण कळलं. त्या रात्रभर तळमळल्या. सकाळी दुकानाची फळी पाडायला आल्या, तर टेबलाखालून मालकांचे दोन पाय बाहेर. काकूंचा संयम तिथे संपला.

"उठा! बाहेर या आधी!"

मालक डोकं आपटत बाहेर आले.

"मला रोग झाला म्हणून तुम्ही टेबलाखाली झोपणार? पेला वेगळा करणार? तुम्हाला झाला तेव्हा मी केला होता पेला वेगळा? बोला ना!"

समोर चावीवाला कुलूप उघडता उघडता थांबला.

"तुला कुठे रोग झालाय?" मालक डोकं चोळत म्हणाले. "मी तुला माझ्यापासून लांब ठेवतोय. तुझ्या हातावर काही आलं नाही ना, म्हणून."

"आलं नाही? मग हे काय आहे?" काकूंनी रागाने बाही ओढली. मनगटाचं बटण तुटून रस्त्यावर उडालं.

मालकांनी तो हात दोन्ही हातांत धरला. वाटाणा आता चांगला करवंदाएवढा झाला होता, लाल, टणक. मालक बघत राहिले. मग इतक्या जोरात ओरडले की चावीवाला धावत रस्ता ओलांडून आला.

"आलीय! अरे, हिला गाठ आलीय! ही बघ, केवढी मोठी!"

"अभिनंदन करायचं की डॉक्टरला बोलवायचं?" चावीवाल्याने विचारलं.

काकूंना वाटलं, नवऱ्याचं डोकं टेबलाला जरा जोरातच आपटलं. मालकांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि ओळखणाऱ्या पेशी, ओरडणाऱ्या पेशी, गिळणाऱ्या पेशी, सगळं उलटसुलट क्रमाने सांगितलं. काकूंना अर्धं कळलं, अर्धं कळलं नाही. त्या निखारे न पेटवताच उठल्या. "चला. सिस्टरांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही."

सिस्टरांनी गाठीला मोजपट्टी लावली आणि त्या गालात हसल्या. मग काकूंची पाठ, हात, पाय तपासले, कोपराची नस चाचपली. डाग नाही, नस सुजलेली नाही. बोटांवरचे फोड पाहून मात्र त्या थांबल्या. "हे काय?"

"कळतंय का ते बघत होते," काकू पुटपुटल्या.

मालकांनी मान खाली घातली. सिस्टरांनी मलमाची डबी काढली आणि एकेक बोट पुसता पुसता म्हणाल्या, "काकू, बोटाला पिसाने स्पर्श करून बघतात. इस्त्रीने नाही."

"मला कायमचं काही होणार नाही असं लिहून देता?"

"लिहून नाही देत. हमी कुणाचीच नसते. पण तुमच्या पेशी या जंतूला ओळखतात. आणि ओळखून गप्प बसत नाहीत."

"मग यांच्याच कशा इतक्या आळशी?"

"आळशी नाहीत हो. बाकीच्या जंतूंशी भांडतात की! फक्त या एकाला ओळखत नाहीत. का, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. म्हणून तर तुमचा हात तपासतोय."

"मला विचारा," काकू म्हणाल्या. "माणूसच तसा आहे. दारात कुणीही येवो, या, बसा, पाणी घ्या."

"आणि तुझ्या पेशी?" मालकांनी विचारलं.

"त्या काकूंवर गेल्यात," सिस्टर म्हणाल्या, आणि मलमाची डबी काकूंच्या हातात ठेवली.

दवाखान्यातून काकू घरी गेल्या नाहीत. सरळ लेकीच्या दारात, मालक मागोमाग. लेकीने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही.

"काय झालं? निखारे विझले?"

काकूंनी बाही वर केली आणि उंबऱ्यावर उभ्या राहूनच सगळं सांगितलं. एकही शब्द झाकला नाही. लेकीचे डोळे आधी रागाने मोठे झाले, मग भरून आले.

"मला सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तू बाळाला घेऊन पुन्हा आली असतीस का?"

"आले असते. आणि तुला दंडाला धरून दवाखान्यात नेलं असतं." लेकीने नाक पुसलं. "एवढी गल्लीला शहाणपण शिकवतेस, आणि स्वतःच्या वेळी?"

काकूंनी नुसते हात पुढे केले. लेकीने आत जाऊन बाळ आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. बाळाने आजीच्या शर्टाची कॉलर पकडली आणि तोंडात घातली. काकू त्याच्या टाळूला नाक लावून किती तरी वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"सोमवारी सकाळी आणते," लेक म्हणाली. "आणि धूर होत असेल तर खिडकी उघडी ठेव."

"धूर बिर काही होत नाही."

"माहीत आहे मला."

मालक दाराशीच उभे होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून. बाळ जन्मल्यापासून त्यांनी त्याला एकदाही घेतलं नव्हतं. घाई आहे, कपडे पोचवायचेत, हात मळलेत, असं काहीतरी दर वेळी सांगत. काकूंना आजवर त्यात काही दिसलं नव्हतं. गेले आठदहा दिवस स्वतः तेच केल्यामुळे आज दिसलं.

"घ्या," त्या म्हणाल्या.

"नको."

"का नको?"

मालक खालच्या आवाजात म्हणाले, "बोटांना कळत नाही गं. किती दाबलं जातंय ते समजत नाही. मी त्याला दुखवीन."

काकूंनी क्षणभर विचार केला. मग त्यांना खुर्चीत बसवलं, त्यांचा डावा हात दुमडला आणि विचारलं, "दंडाला कळतं?"

"दंडाला कळतं."

"मग बोटं हवीत कशाला?" त्यांनी बाळाला मालकांच्या छातीशी आडवं ठेवलं. डोकं दंडावर, पाठ हातावर, खाली स्वतःच्या हाताचा आधार. "बोटं मोकळी सोडा. धरू नका. नुसतं असू द्या."

मालक श्वास रोखून बसले. बाळ हललं, डोकं घासत घासत सोयीची जागा शोधली आणि जांभई दिली. लेक दाराला टेकून बघत होती.

थोड्या वेळाने मालक चुळबुळले.

"अगं, काहीतरी कोमट लागतंय इथे. पोटाशी. ओलं झालंय वाटतं."

"कळलं ना तुम्हाला?" काकू म्हणाल्या. "मग झालं तर." आणि त्या कोरडं फडकं शोधायला आत गेल्या.